विहिरीवरचं कुलूप

मी माफी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ही वाकली का, कुणी हिची समजूत घातली का, असल्या काळजीत वाचत बसायला नको. माझी भाची हे सगळं टाइप करून देतेय. ती परवा म्हणाली, आत्या, इतकं ताठ कशाला लिहितेस, जरा मऊ कर की. मी तिला म्हटलं, मऊ व्हायचं वय होतं तेव्हा झाले नाही, आता तर गुडघेसुद्धा वाकत नाहीत. ती हसली आणि तिनं लिहून घेतलं. तिची आजी, म्हणजे माझी आई असती तर म्हणाली असती, पोरीला कामाला लावलंयस तर आधी चहा तरी कर. तेवढा केला आणि मग पुढचं सांगायला बसले.

आमचं घर लासुर्ण्यात, गावापासून थोडं बाजूला, मळ्यातच. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला आईचा भाजीचा तुकडा, त्यात गवार, वांगी आणि बारमाही कोथिंबीर. ओसरीवर आईचं शिलाई मशीन. सकाळी डोळा उघडायचा तो त्या मशीनच्या खडखडाटानं, कारण भाकरी थापायच्या आधी आई कुणाचं तरी पोलकं उरकून ठेवायची. त्याच्या मागे विहिरीवरच्या मोटारीची घरघर. मोटार चालू असली की घरात एक प्रकारची शांतता असायची. ती थांबली की सगळ्यांचे कान तिकडे, लाइट गेली का मोटार गेली म्हणून. गार दिवसांत चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत असायची, वरून लसणाची फोडणी. तो वास आता कुठं मिळत नाही. माझ्या सुनेनं परवा कुकरमध्ये केली. चव बरी होती, पण वास कुकरनं खाल्ला.

विहीर सामाईक होती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि त्यांच्या चुलतभावाची. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. पाण्याच्या पाळ्या लावलेल्या, आणि पाळ्या म्हटल्या की कुरबुर आलीच. आबांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. मी लहान असताना ते विहिरीत उतरून मोटारीचं कपलिंग बसवत होते. वर नाना आले. लाइट आलेली, पाळी त्यांची. खाली कोण आहे का हे न बघता त्यांनी मोटारीच्या पेटीचं बटण दाबलं. अर्धं बोट विहिरीतच राहिलं. नाना म्हणाले, चुकून झालं. सगळ्यांनी ते मानलं, आबांनीसुद्धा. पण त्या दिवसापासून आबांची एक रीत ठरून गेली. मोटारीला हात लावायचा म्हटलं की आधी स्विच खाली. मग पेटीतल्या चिनीमातीच्या तिन्ही फ्यूजा उपसून शर्टाच्या खिशात. मग पेटीला कुलूप, आणि किल्ली करदोड्याला. वर आल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी फ्यूज परत बसत नसे.

या रीतीनं आमची गावात शोभाही व्हायची. आबा काम उरकायचे आणि खिशातल्या फ्यूजा विसरायचे. एकदा इंदापूरला लग्नाला गेले ते तसेच. मागे लाइट आली, नानांचा ऊस तहानलेला, पेटीत फ्यूजा नाहीत. नाना मोटारसायकल दामटत थेट मांडवात आले, मंगलाष्टकं चालू होती. आबांनी अक्षता टाकायला खिशात हात घातला आणि तांदळाबरोबर एक फ्यूज बाहेर आली. वऱ्हाडी म्हणाले, काय आबा, नवरीला हाच आहेर का. आबा कुणावर चिडले नाहीत. नानांच्या हातात फ्यूजा ठेवल्या आणि पंगतीला बसले. मी तेव्हा हसून हसून लोळले होते. त्या फ्यूजा एक दिवस माझ्याच खिशात येणार आहेत हे मला काय माहीत.

मला आयटीआयला फिटरला घातलं ते आईनं. गावातल्या बायका म्हणाल्या, पोरीला शिवणक्लास लाव. आई म्हणाली, एका घरात एक मशीन पुरे. एवढंच म्हणाली आणि पुन्हा पायडल मारायला लागली. आयटीआयमध्ये मी कानस चालवायला शिकले. लोखंडाचा तुकडा शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या पकडीत, धरायचा आणि तास तास तासायचा, सपाट होईपर्यंत. पोरं कंटाळायची. मला आवडायचं, कारण लोखंड तुमचं ऐकतं हे त्यात कळतं. पास झाल्यावर बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला अप्रेंटीस म्हणून घेतलं. पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना. आपल्याकडची द्राक्षं, डाळिंबं ज्या खोक्यांतून परगावी जातात ती. वाफेनं तापलेले दोन दातेरी रूळ फिरतात, त्यांच्यामधून कागद गेला की त्याला पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडतात, आणि मग खळ लावून त्यावर दुसरा कागद चिकटतो. सगळ्या शेडमध्ये त्या मक्याच्या खळीचा वास, धोतराला खळ घालताना यायचा तसा. सकाळच्या यष्टीनं जायचं, संध्याकाळी यायचं. कंपनीनं दिलेला निळा डगला बाप्याच्या मापाचा होता. आईनं तो उसवून माझ्या अंगाबरोबर केला, आणि कमीजलाही आतून एक खोल खिसा शिवला. बायकांच्या कपड्याला खिसा का नसतो, यावर ती त्या दिवशी बराच वेळ बोलत होती.

कारखान्यात मेंटेनन्सचे साहेब होते शितोळे. माणूस आरडाओरड करणारा नव्हता, हसून बोलायचा, आणि हसून बोलूनच माणसाला कोपऱ्यात बसवायचा. माझ्याबरोबर घेतलेल्या पोरांना पहिल्याच महिन्यात मशीनवर घातलं. मला स्टोअरमध्ये बेअरिंगच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. मधूनच ग्रीसचा डबा ने, फडकी आण, पाहुणे आलेत तर चहाचं बघ. मोठे मिस्त्री होते जगन्नाथ तात्या, कळंबचे. कमी बोलायचे. ते मला त्रास द्यायचे नाहीत आणि माझी बाजूही घ्यायचे नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, तात्या, मला रुळाच्या कामाला कधी घेणार. ते म्हणाले, तुझ्याकडं कुलूप न्हाय, पोरी. तुला घिऊन मी काय करू?

या कुलपाचं सांगायला हवं. मोठं मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याचा मेन स्विच बंद करून त्याला एक लोखंडी चिमटा लावायचा. त्या चिमट्याला भोकं असतात. मशीनमध्ये जो जो हात घालणार, त्यानं आपलं कुलूप त्यातल्या एका भोकात अडकवायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. सगळी कुलपं निघाल्याशिवाय चिमटा उघडत नाही, आणि चिमटा निघाल्याशिवाय मशीन चालू होत नाही. प्रत्येकाचं कुलूप लाल, त्यावर त्याचं नाव आणि फोटो. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, असं भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि शितोळे साहेब ते आम्हा सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आमच्या आबांचंच शास्त्र. इथं ते रंगवून लावलंय एवढंच.

पोरांना कुलपं मिळाली, मला नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय, तू कुठं मशीनमध्ये जाणार आहेस? आणि मशीनमध्ये का नाही म्हणावं, तर कुलूप नाही म्हणून. बैल घाण्याला फिरतो तशी मी या प्रश्नाभोवती फिरत होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा होती. मशिनींना झेंडूच्या माळा, टेबलावर नट फिरवायचे पाने, हातोड्या, आणि ओळीनं सगळ्यांची लाल कुलपं. साहेब म्हणाले, सुरेखा आहे ना आपल्यात, रांगोळी ती काढेल, हळदीकुंकू ती वाहील. मी वाहिलं. एकेका कुलपावर बोट टेकवत गेले. सगळ्यांची नावं वाचत गेले. ओळ संपली आणि माझं बोट टेबलाच्या कडेवर आलं. पेढे वाटायलाही मलाच सांगितलं, तेही वाटले. माझा पेढा मी खाल्ला नाही, बसस्टँडवर एका म्हातारीला दिला. वर्षाच्या शेवटी आमची परीक्षा असते, त्यात मशीन उघडून दाखवावं लागतं. जिनं वर्षभर चिठ्ठ्या चिकटवल्या ती काय दाखवणार? मी नापास झाले असते आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, पोरींना हे जमत नाही. हा सगळा डाव मला तेव्हा लख्ख दिसत होता.

मग तो शनिवार आला. जेवणाची सुट्टी. रुळांच्या खाली एक खड्डा होता, त्यात साखळीचा पट्टा फिरायचा, कापलेल्या कागदाचे तुकडे वाहून न्यायचा. त्या साखळीवर खळ ठिबकून वाळायची आणि दगड व्हायची. पट्टा अडकला. मिस्त्री जेवायला गेलेले. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुझे हात बारीक आहेत, जरा खाली उतरून खरवड, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणजे वर्षभर मशीनला हात लावायचा नाही, आणि लावायचा तर असा. मी म्हटलं, कुलूप? ते हसले. म्हणाले, अगं स्विच बंद केलाय मी, कोण चालू करतंय जेवणाच्या सुट्टीत. आणि गेले ऑफिसात.

पट्ट्याची पेटी आणि बटण लाइनच्या दुसऱ्या टोकाला. तिथून खड्डा दिसत नाही. मी त्या पट्ट्याच्या पेटीपाशी गेले. पेटी जुनी होती, झाकण उघडलं, आणि आत बघते तर आमच्या विहिरीवर असतात तशाच चिनीमातीच्या तीन फ्यूजा. मी विचार केला असं म्हणणार नाही. हात आपोआप गेला. स्विच खाली आहे ना बघितलं, तिन्ही उपसल्या, आईनं शिवलेल्या खिशात टाकल्या आणि खड्ड्यात उतरले. खाली गरम, ओलसर. साखळीच्या कड्यांमध्ये बोटं घालून मी खळीचे खडे काढत होते. अर्धं काम झालं असेल, आणि वर घंटी वाजली.

पट्टा चालू व्हायच्या आधी वाजायची ती घंटी. ती वेगळ्या वायरवर होती, म्हणून वाजली. माझी चार बोटं साखळीत होती. बटणाचा खटका मी ऐकला. पट्टा हलला नाही. पुन्हा घंटी, पुन्हा खटका. कुणी तरी जेवून लवकर आला होता आणि साहेबांचा बंद स्विच त्यानं सरळ वर केला होता. मी हात बाहेर काढला आणि माझी बोटं मोजत बसले नाही, कारण ती मला दिसतच होती. पण माझे दात वाजत होते, हे आता लिहायला मला लाज वाटत नाही.

साहेब धावत आले. पट्टा का चालत नाही? मी डोकं वर काढलं आणि सांगितलं, फ्यूजा माझ्या खिशात आहेत. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. अप्रेंटीसनं पेटी उघडली? कुणाला विचारून? दे इकडे. मी म्हटलं, काम व्हायचंय अजून. ते म्हणाले, दे म्हणतो ना. तोवर तात्या आणि पोरं डबे घेऊन परतली होती, सगळे गोल उभे. मी साहेबांना म्हणाले, "मी आत असेपर्यंत फ्यूजा देणार नाही. आणि मला कुलूप पाहिजे." आणि परत खाली उतरले. वर साहेब तात्यांना म्हणत होते, स्टोअरमधून दुसऱ्या फ्यूजा आणा. तात्या म्हणाले, स्टोअरवाला जेवाय गेलाय. पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं, तशा फ्यूजा तात्यांच्या स्वतःच्या खणात कायम असायच्या. साखळी साफ केली, वर आले, तिन्ही फ्यूजा माझ्या हातानं बसवल्या आणि बाजूला झाले. पट्टा चालला. घंटी कुणी वाजवली, स्विच कुणी वर केला, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं ते मला.

त्या काळी अप्रेंटीसचं काही झालं की शाळेसारखं वडलांना बोलवायची पद्धत होती. लासुर्ण्याच्या स्टँडवरच्या किराणा दुकानात फोन गेला, आणि दुपारच्या यष्टीनं आबा आले. धुतलेला शर्ट, टोपी. साहेबांच्या खोलीत रिकामी खुर्ची होती, ती त्यांना कुणी दिली नाही. आबा उभे राहिले आणि माझ्या डोक्यात परत आग गेली. साहेब आबांशी गोडच बोलले. मुलगी चांगली आहे, पण उलट बोलते, तिनं लाइन बंद पाडली. लेखी माफी द्या. उरलेले महिने स्टोअरमध्ये बसेल, सर्टिफिकेट मिळेल, तुमचं काही जात नाही. सोमवारी सकाळी माफी आणली तर ठीक, नाहीतर तिनं येऊ नये. परीक्षेलाही मी पाठवणार नाही.

आबा टोपी हातात घेऊन ऐकत होते. अर्धं बोट टोपीच्या घडीवर. मला वाटलं, आता हे बोलतील. आता बोट वर करून दाखवतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मागून टाक की माफी, सुरे. शबुदच तर हाय."

आबांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "न्हाय आबा. मी न्हाय मागत."

परतीच्या यष्टीत आम्ही दोन वेगळ्या बाकांवर बसलो. ते पुढे, मी मागे. त्यांची मान मला सगळा रस्ता दिसत होती. घरी आईनं शेंगोळी वाढली. आबांनीच सगळं सांगितलं, तक्रार सांगावी तसं. त्यांची भीती मला कळत होती. साहेबाशी वैर धरून गावाकडच्या माणसाचं भलं होत नाही, असं त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. आईनं माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे बघितले, खळीनं सालं निघाली होती. मग आबांच्या ताटात भाकरी घालता घालता म्हणाली, "तुमचं बोट गेलं तवा कुणी माफी मागितली व्हती?" आवाज चढवला नाही तिनं. आबा तसेच ताटावरून उठले. शेंगोळी अर्धी राहिली. आमच्या घरात ताट टाकून कुणी उठत नसे, त्यामुळे धाकटा भाऊ घाबरून रडायलाच लागला, आणि मीही बाहेर जाऊन उसाच्या बांधावर बसले. मला आबांचं वाईट वाटत होतं आणि राग तसूभर कमी होत नव्हता. दोन्ही एकाच वेळी होतं माणसाला. कुणी सांगावं, होत नाही म्हणून.

रविवारी सकाळी मी विहिरीवर गेले आणि पेटीचं कुलूप काढलं. जुनं पितळी कुलूप होतं, मुठीएवढं. किल्ली आबांच्या करदोड्याला, पण एक जादा किल्ली आईच्या डब्यात असायची, तीच घेतली. कारखान्यातल्या चिमट्याची भोकं मी खंडेनवमीला पुसून ठेवली होती, ती किती बारीक ते मला पाठ होतं. या कुलपाची कडी जाड, त्यात जाणार नाही. मग मी पायरीच्या दगडावर कुलूप टेकवलं, पायानं दाबून धरलं, आणि आयटीआयची कानस घेऊन कडी तासायला बसले. सगळा मळा त्या आवाजानं भरला. आई म्हणाली, दात शिवशिवायला लागलं गं माझं, पण शिवण काही तिनं थांबवली नाही. तिचं मशीन आणि माझी कानस असं दुपारपर्यंत चाललं. आबा दोनदा समोरून गेले. एकदा वैरण घेऊन, एकदा रिकाम्या हातानं. कुलूप कुठलं आहे हे त्यांना दिसलंच असणार. ते थांबले नाहीत. शेवटी मी आईच्या लाल रंगाच्या बाटलीतून, जो ती बाजेच्या पायांना लावायची, काडीनं कुलपावर माझं नाव लिहिलं.

सोमवारी लाइन साफसफाईला बंद असायची. वॉचमननं पास बघितला आणि सोडलं, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी थेट मोठ्या मशीनच्या स्विचपाशी गेले. चिमटा लागला होता, तात्यांचं आणि पोरांचं अशी लाल कुलपं लोंबत होती. एक भोक रिकामं होतं. तासलेली कडी त्यात गेली, अगदी अंगाबरोबर. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तात्यांना म्हटलं, मी आले. त्यांनी कुलपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खरवडणी माझ्या हातात दिली. वर्षात पहिल्यांदा मी दातेरी रुळांच्या मध्ये उतरले. ते गार केलेले रूळ हातानं फिरवून बघितले. खोटं कशाला सांगू, मला साहेबाचा क्षणभर विसर पडला.

साहेब आले ते चालू करायच्या वेळी. बाकीच्यांची कामं उरकली होती, त्यांनी आपापली कुलपं काढली होती. चिमट्यावर एकच राहिलं होतं, पितळी. हे कुणाचं, असं त्यांनी विचारलं, आणि वाचलं. माफी कुठाय? मी रुळातूनच म्हटलं, आणली नाही. बाहेर ये आणि कुलूप काढ. मी म्हटलं, कोपरा राहिलाय. मुद्दाम वेळ लावला असं नंतर कुणीकुणी म्हणालं. लावला असेल. पण वाळलेली खळ कोपऱ्यातूनच जास्त निघते, हेही खरं.

साहेबांचं हसू संपलं. त्यांनी तात्यांना सांगितलं, हातोडा घ्या आणि तोडा ते. तात्यांनी हातोडा उचलला. मी रुळाच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, आता तुटणार, आणि त्याबरोबर माझं सगळंच. तात्या स्विचपर्यंत गेले आणि थांबले. भिंतीवरच्या अक्षरांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"दुसऱ्याचं कुलूप आमी तोडत न्हाय, सायेब," ते म्हणाले. "पोरगी आत हाय."

आणि हातोडा जमिनीवर ठेवून त्याच्या शेजारी बसले. पोरंही बसली. ऑपरेटर लोक यायला लागले होते, तेही उभे राहिले. सबंध लाइन एका विहिरीवरच्या कुलपासाठी थांबली. मी कोपरा साफ केला, दुसराही केला, हत्यारं बाहेर दिली, बाहेर आले, हात पुसले. किल्ली काढली आणि माझं कुलूप माझ्या हातानं काढलं. साहेबांना म्हटलं, आता चालू करा. ते माझ्याशी बोलले नाहीत. तात्यांना म्हणाले, हिला एक लाल कुलूप द्या स्टोअरमधून, हे गोठ्यातलं इथं बरं दिसत नाही. मी म्हटलं, गोठ्यातलं नाही, विहिरीवरचं आहे. माफीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्यांना भीती कशाची वाटली, मी घंटीचं वर सांगेन याची, का तात्यांची, ते मला आजपर्यंत कळलं नाही, आणि त्यावाचून माझं अडलंही नाही. परीक्षा मी दिली, पास झाले, आणि पुढची सगळी नोकरी फिटर म्हणून केली. आता माझ्याकडे शिकायला पोरी येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना कुलूप देते. कानस दुसऱ्या दिवशी.

त्या सोमवारी संध्याकाळी मी यष्टीतून उतरले ती छाती पुढं काढूनच, पण मळ्याची वाट धरली तशी चाल मंद झाली. आबांना न विचारता कुलूप नेलं होतं. घर दिसायच्या आधी विहीर लागते. बघते तर आबा पेटीला टेकून खाली बसलेले. टोपी गुडघ्यावर. शेजारी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचं मोकळं फडकं, म्हणजे दुपारचं जेवणही तिथंच झालेलं. मी विचारलं, हितं का बसलायसा. त्यांनी विहिरीकडं मान केली. म्हणाले, नाना खाली हाय दुपारधरनं, मोटार खोललीया.

"कुलूप तू न्हेलंस," ते म्हणाले. "मंग कुणीतरी बसाय नको व्हय हितं?"

पिशवीतून कुलूप काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही, तासलेल्या कडीवरून अर्धं बोट फिरवलं आणि विचारलं, "काढलं कुणी?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, शर्टाच्या खिशातून तिन्ही फ्यूजा काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाले, मी चा पिऊन येतो. आणि मागं न बघता घराकडं चालू लागले. मी फ्यूजा आईनं शिवलेल्या खिशात टाकल्या आणि पेटीपाशी उभी राहिले. जरा वेळानं विहिरीतून नानांचा आवाज आला. "आबा, झालं रं. घाल फ्यूजा, बघू फिरतीया का."

मी काठावर जाऊन वाकले. नाना खाली कपारीत, हात अजून मोटारीवरच.

"आबा न्हाईत, मी हाय, सुरेखा," मी म्हटलं. "आधी वर या, नाना."